कोट घालून भुईवर

"दोर वळून दाखव जरा," सर म्हणाले. मग पाहुण्यांकडं वळून, "हिच्या घरचाच धंदा आहे."

लॅबमध्ये पाहुणे आले होते. बिडकीनकडं कारखाना टाकणारे, सात-आठ जण. मी पांढरा कोट घालून ताण मोजायच्या मशीनपाशी उभी. संगणकावर आलेख काढून ठेवला होता. काय बोलायचं ते आठ दिवस आरशासमोर घोकलं होतं. सर माझे गाईड, मी त्यांच्याकडं पीएचडी करत होते. त्यांनी माझ्या खुर्चीवर माझ्यानंतर पीएचडीला आलेल्या विद्यार्थिनीला बसवलं. "तू समजावून सांग. तुझं इंग्लिश चांगलं आहे." आणि मला भुईवर.

बसले. नाय म्हणता आलं नाय. पायाच्या अंगठ्यात टोक धरलं, मांडीवर तंतू वळत गेले. पाहुण्यांनी मोबाइल काढले. एक जण म्हणाला, "हात काय चालतो हिचा." माझाच आलेख ती माझ्या डोक्यावरून समजावत होती. दोन ठिकाणी चुकली. मी खाली वळत राहिले.

आम्ही मातंग. लासूर स्टेशनजवळचं गाव. पोळ्याला घायपाताचे कासरे गावाला द्यायचे, बदल्यात पसाभर धान्य आणि वर अरे-तुरे. मायनं मला दोराला कधी हात लावू दिला नाही. मी चोरून शिकले. शिकले नसते तर त्या दिवशी वळून दाखवता आलं नसतं, असं आता लई वेळा वाटतं.

माझं काम घायपाताच्या तंतूंवरच. गाडीच्या दारांना आतून लावायच्या हलक्या पाट्या बनवायच्या, प्लास्टिकऐवजी. तंतू काढायला पानं पाण्यात कुजवावी लागतात. पण दुष्काळ पडलेला. गावाला प्यायला टँकर, कुजवायला पाणी कुठलं? मायनं डोकं चालवलं. हिरवं पान फळीवर टाकायचं, बोथट पत्र्यानं खरवडायचं, तंतू सावलीत वाळवायचा. पाण्याचं काम नाय. मी ते तंतू लॅबमध्ये आणले, रेझिनच्या घट्ट होणाऱ्या चिकात बसवून पाट्या केल्या आणि मशीनवर ओढून पाहिल्या. कुजवलेल्या तंतूंच्या पाट्यांपेक्षा या जास्त ताण सोसून तुटल्या. परत केलं. परत तेच. लॅबच्या वहीत तारीख टाकून लिहिलं, पद्धत मायची, तिच्या नावासकट. सरांनी खाली सही केली.

दोर वळला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावात पोचला. मायनं शेजारणीच्या फोनवर पाहिला आणि मला फोन केला. मला वाटलं, लॅब बघून खूष झाली असेल. तिनं एवढंच विचारलं, "कोट घालून भुईवर कशाला बसलीस गं?"

मी फोन ठेवला. हॉस्टेलच्या मोरीत जाऊन रडले. नळाला पाणी नव्हतं, तोंडही तसंच पुसलं.

आठवड्यानं सरांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर पेटंटचा अर्ज. संशोधक म्हणून दोन नावं, त्यांचं आणि माझ्या खुर्चीवर बसवलेल्या विद्यार्थिनीचं. माझ्यासाठी वेगळा कागद: या पद्धतीवर माझा काही हक्क नाही, मी फक्त तंतू पुरवले.

"पद्धत मायनं काढली सर," मी म्हणाले. "पाट्या मी केल्या."

"तुमच्याकडं ते पिढ्यान्‌पिढ्या चालतंच," ते म्हणाले. "त्याला संशोधन म्हणत नाहीत."

अगदी शांतपणे म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही कुजवत आलो. खरवडणं मायचं, एकटीचं, याच दुष्काळातलं. त्यांना ते माहीत होतं.

त्यांनी पेन पुढं केलं. मी हातात घेतलंही. लाज वाटते सांगायला, पण घेतलं. मग मायचा प्रश्न आठवला. पेन टेबलावर ठेवलं.

"सही करणार नाही."

सर म्हणाले, "मग तुझ्या अहवालावर माझीही होणार नाही."

तसंच झालं. पीएचडीचा सहामाही अहवाल पडून राहिला. मशीनच्या संगणकाचा पासवर्ड बदलला. माझे आलेख आत, मी बाहेर. वही तेवढी माझ्याकडं राहिली. वर अर्ज दिले. सगळीकडून एकच, गाईडशी जुळवून घ्या. कॉलेजच्या कुंपणापलीकडं शेतं जाऊन टॉवर उभे राहिले, त्यांचे मजले मोजत मी लॅबबाहेरच्या बाकावर बसून असते. कुणी बोलत नाही. माझ्या बाजूनं अजून काही झालेलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू.

सोमवारी पाहुणे परत येणार आहेत. त्यांना दोर आवडला होता. सरांचा निरोप आला, तंतू घेऊन ये, कोट घालून ये.

जाणार आहे. कोट घालणार. तंतू नेणार नाही, वही नेणार. ज्या पानावर मायचं नाव आणि खाली सरांची सही आहे ते पान उघडून पाहुण्यांपुढं ठेवणार, आणि माझ्या खुर्चीवर बसणार. उठवायचं असेल तर सरांनी सगळ्यांदेखत हाताला धरून उठवावं. भुईवर मी बसणार नाही.