भोगीपर्यंत ठेवलेल्या शेंगा

युद्ध संपून कुवेत पुन्हा सुरळीत झालं, तेव्हा ह्यांना शुऐबा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही कंपनीच्या कॉलनीत राहायला आलो. कॉलनीमागच्या रिकाम्या जागेचे पट्टे पाडून कंपनीने हौशी लोकांना भाजीपाल्यासाठी दिले होते. आमच्या वाट्याला नुसती वाळू. पण हे नाशिककडचे, बागायतदाराच्या घरातले. सुट्टीच्या दिवशी शेणखताची पोती आणून ओतायचे आणि मग आठवडाभर गाडीत गोठ्याचा वास. मी नाक मुरडलं की म्हणायचे, "अत्तर आहे ते."

शेजारचा पट्टा रत्नागिरीकडच्या एका कोकणी मुसलमान बाईंचा होता; सगळे त्यांना आपा म्हणायचे. चपट्या शेंगांच्या वाटाण्याचं बी त्यांनीच दिलं. हा वाटाणा सोलायचा नाही, कोवळी शेंग सालासकट खायची, हेही बजावून सांगितलं. आम्हाला पटेल तर ना! वाटाणा म्हणजे दाणा, अशा समजुतीने पहिल्या वर्षी आम्ही शेंगा भरायची वाट बघत बसलो. भरल्या तेव्हा साल चिवट आणि दाणे पिठूळ. आपांनी कपाळावर हात मारला. "अगो, सांगितलं होतं ना चपटीच तोड म्हणून! आता बकरीला घाल."

पुढच्या हिवाळ्यात ह्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. तोवर पेरणी झाली होती. हॉस्पिटलमधून घरी आले की पट्ट्यात खुर्ची टाकून बसायचे. मी वेलांना दोऱ्या बांधायची आणि ते बसल्या जागेवरून हुकूम सोडायचे. वरणाच्या पाण्यापलीकडे पोटात काही ठरत नव्हतं, पण शेंगांचं वेड घेतलं होतं. "एवढी शेंग खाल्ली ना, की तोंडाला चव येईल," म्हणायचे. बरे होतील अशी आशा डॉक्टरांनी ठेवली नव्हती. स्वतःच्या वेलाची एक शेंग त्यांनी चवीने खावी, एवढंच माझं मागणं उरलं होतं.

शेंगा धरल्या, अगदी तोडायच्या बेताला आल्या. मी हात घातला तर म्हणाले, "आत्ता नको. भोगीला तोडू."

"अहो, भोगीला किती अवकाश आहे अजून."

"नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. आमच्या आईने कधी घातलं नाही."

एरवी देवापुढची उदबत्तीसुद्धा माझ्यावर ढकलणारा माणूस! मी चिडले, भांडले, शेवटी गयावया केली. ऐकतील तर शपथ. भोगीपर्यंत आपण असणारच, असं ते धरून चालले होते. मी शेंगा वेलावरच ठेवल्या.

भोगीच्या तोंडावर ते गेले.

गावी न्यायचं तर कागद हवेत. ह्यांना शवागारात ठेवून कंपनीची माणसं या ऑफिसातून त्या ऑफिसात धावत होती आणि प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर, "बुकरा", उद्या या. त्या धावपळीतच भोगी उजाडली. घरात सुतक. नैवेद्य कुणी आणि कसला दाखवायचा? देवांकडे मी बघितलंसुद्धा नाही.

दुपारी आपा आल्या. वेलांवर नव्याने आलेल्या चपट्या शेंगा तोडून, धुऊन, ताटलीत घालून आणल्या होत्या.

"कालपासून तुझ्या पोटात काय नाय. खा गो."

"ह्यांनी खाल्ल्या नाहीत, आपा."

"माहीत हाय मला. तरी खा."

मी एक शेंग तोंडात घातली. इतकी गोड, इतकी रसाळ, की मला ह्यांचा भयंकर राग आला. या चवीसाठी माणूस झुरत होता, आणि शेंग हाताशी असताना थांबून राहिला. राग आला आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. आपा पाठीवरून हात फिरवत राहिल्या, थांब म्हणाल्या नाहीत. मी रडत होते आणि खात होते. ताटली संपली. ह्यांच्या वाटणीच्याही मीच खाल्ल्या.