न सारवलेली पट्टी
ओल्या सारवणाचा वास आला की मला हिंगणीच्या घरातली दिवाळीआधीची ती सकाळ आठवते. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन होईल, पण हृदय कमजोर आहे, भुलीतून उठेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि आमचं उत्तर त्यांना त्याच दिवशी हवं होतं. मला ऑपरेशन करायचं होतं. "त्याले नाकानं सगळं दिसते पोरी, काऊन त्याचा जीव टांगणीले लावतं?" बाबा म्हणत होते, तेवढ्यात तो उंबरा उतरला आणि रोजच्या पाण्याच्या भांड्याकडे न जाता हुंगत हुंगत बिनकठड्याच्या विहिरीकडे निघाला. मी जिवाच्या आकांताने ओरडले. तो अगदी काठावर थबकला. बाबांनी धावत जाऊन त्याला उचललं. "करून टाकू ऑपरेशन," ते म्हणाले. आई मात्र नुकत्याच सारवलेल्या अंगणाकडे बघत होती. "शेणाच्या वासानं वाट तर मीच पुसली नं त्याची," ती म्हणाली. "आता एवढी पट्टी सारवतच नाई मी." विहिरीवर त्याच दिवशी जाळी बसली, आणि ऑपरेशन नको, असा डॉक्टरांना फोन मीच केला. आता तो नाही. आई अजूनही उंबऱ्यापासून भांड्याच्या जागेपर्यंतची पट्टी कोरडीच ठेवते, आणि मी रांगोळी त्या पट्टीच्या बाजूने काढते.