कोळीणबाई आणि नातीच्या पिवळ्या गोळ्या

"मूठभर घे, मंग बोल," असं म्हणत ती कोळीणबाई माझ्या मेडिकलच्या काउंटरवर कोलंबी ठेवायची. तापाच्या औषधांशेजारी ओली कोलंबी! मी चिडायचो, गिऱ्हाइकं नाक दाबायची, तिच्यावर ढिम्म परिणाम नाही. मुरुडला होडी किनाऱ्याला लागली की जवळ उभ्या माणसाला रिकाम्या हाती धाडायचं नाही, ही कोळीवाड्याची रीत. तिनं ती बाजारपेठेतही चालू ठेवली होती.

तिच्या दहा वर्षांच्या नातीला ऐकू येईनासं झालं, मग ती चालताना लटपटू लागली. घास गिळेना तेव्हा घरच्यांनी तिला मुंबईला नेलं. तपासणीत कळलं, बी-टू जीवनसत्त्व शरीरात वाहून नेण्याचं काम ज्या जनुकावर असतं त्यातच बिघाड होता, म्हणून मज्जातंतू उपाशी. उपाय एकच. त्याच जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या, रोज, जन्मभर.

कागद घेऊन आजी माझ्याकडे आली. "पोर रोज म्हावरा खातंय, मंग उपाशी कशी?"

"आजी, ओहोटीला बोट खोल पाण्यात थांबते. माल उतरवायला होडकी नसतील तर?"

"म्हावरा बोटीवरच ऱ्हाणार."

"तसंच. पोरीची होडकी मोडकी आहेत. मालच भरपूर पाठवायचा, थोडा तरी किनाऱ्याला लागेल."

तिला पटलं. सुनेच्या माहेराला नावं ठेवणंही तिनं थांबवलं, कारण बिघाड आईबाप दोघांकडून आला होता. "अर्धा वाटा आमचा पन हाय," असं ती भर बाजारात सांगत सुटली.

पोर चालू लागली आणि इथंच घात झाला. बायका विचारायला आल्या, हिनं प्रत्येकीला दोन-दोन गोळ्या दिल्या. कुणाला गुडघ्यासाठी, कुणाला कमरेसाठी, एकीला तर नुसतीच, दारात उभी होती म्हणून. महिन्याचा डबा पंधरवड्यात रिकामा झाला. सांगायची लाज वाटली म्हणून ती चार दिवस गप्प बसली. पाचव्या दिवशी धावत आली.

"पोरीचा आवाज बसलाय रं. पानी पिताना ठसका लागतोय."

मी ओरडलो, नको ते बोललो. अलिबागच्या दुकानदाराला फोन केला, त्यानं डबा दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला. आम्ही दोघं स्टँडवर बसून राहिलो. अख्खा बाजार दणाणून सोडणारी ही बाई येणाऱ्या प्रत्येक एसटीकडे धावत होती. मलाही फार भीती वाटत होती.

पोर सावरली, पण तीन आठवडे लागले. तेव्हापासून मासळी सगळ्यांना, गोळी कुणालाच नाही.

चार वर्षांनी आजी गेली तेव्हा मी गावाला गेलो होतो. परतलो तर नात दुकानात उभी, कानाला यंत्र, डोळे सुजलेले. मी घाबरतच विचारलं, "त्या दिवशी गोळी?"

"घेतली. मयत घरात असताना कुनी पानी पन पीत न्हाय, मोठी मानसं वरडली. मंग काकी बोलली, आजीनं सगल्यांकडनं कबूल करून घेतलंय, आदी पोरीची गोली, मंग माजी तिरडी. मी गोली गिलली, तवा उचलली तिला."