वांग्यांत उभा राहिलेला नवरा

माझा नवरा कुवेतला होता आणि त्याच वेळी माझ्या वांग्यांतही उभा होता.

विरारजवळ खंडाने घेतलेली वाडी माझ्या एकटीच्या गळ्यात मारून पास्कू परदेशी गेला. (नातवंडांनो, तेव्हा घरात फोन नव्हता. पत्र यायला महिना लागे, आणि त्यातही 'तब्येत बरी' एवढंच!) शेजारचे दुमिंगकाका रोज सकाळी आमच्यामधला बांध कुदळीने कोरायचे. बांध सरकला की माझा वाफा त्यांचा! मालकाने तर बजावलंच होतं, "बाईला जमीन राखता आली नाही, तर वाडी दुसऱ्याला देईन."

मी भांडायला गेले. काका म्हणाले, "तुझ्या घोवाला पाठव. बायकांशी मी जमिनीचं बोलत नाय."

आता घोव आणू कुठून? मग माझं डोकं चाललं. (तेव्हा ते असंच चालायचं, उताराला लागलेल्या गाडीसारखं.) बुजगावण्याला पास्कूचा शर्ट-विजार चढवली, डोक्यावर टोपी ठेवली आणि बांधालगत उभं केलं. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू!

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "काय गो रोझी, पास्कू आला वाटतं? हाका मारल्या तर ढुंकून बघत नाय! आणि दिवसभर उन्हात उभा. कुवेतची सवय दिसते."

"रागावलाय, काका. बांधावरून."

कुदळ थांबली!

मी अशी खूश, की संध्याकाळी चहा घेऊन त्याच्याशेजारी बसू लागले. (एकच कप. अगदीच वेडी नव्हते.) दिवसभर कोणाशी न बोललेलं सगळं त्याला सांगायचे. आठवड्याभरात दोन कप नेऊ लागले.

रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर काकांनी पास्कू आल्याची बातमी गावभर केली. ती नंदाखालला, थोरल्या दिराकडे राहणाऱ्या माझ्या सासूबाईंपर्यंत पोचली. सोमवारी त्या लेकासाठी तळलेल्या फुग्यांचा डबा घेऊन दारात!

"आईला तोंड न दाखवता परस्पर वाडीत? कुठाय तो?"

मी काही बोलायच्या आत त्या वांग्यांत शिरल्या आणि त्याचा कान धरायला गेल्या. हातात मूठभर पेंढा आला.

बांधापलीकडून काका ओरडले, "झापा त्याला, ताई! माझ्याशी बोलतच नाय!"

संपलं! वाडी गेली, अब्रूही गेली! सासूबाईंनी पेंढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "दुमिंगभाऊ, माझा लेक म्हणतो, कोरलेला बांध आधी भरून दे. मग बोलेन."

काकांनी मुकाट बांध भरला!

मी हसून हसून वाफ्यातच बसले. सासूबाई मात्र त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत होत्या.

"त्याच्या अंगावरचाच ना गो हा?"

"हो, आई. जाताना काढून ठेवलेला."

त्यांनी हळूच बटणं सोडली, शर्टाची घडी केली आणि फुगे बाहेर काढून ती डब्यात ठेवली. "विजार राहू दे तुला," म्हणाल्या.

अशी मी वाडी राखणारी शूर बाई! इंचभर जमीन सोडली नाही, आणि अर्धा नवरा सासूबाईंनी डोळ्यांदेखत उचलून नेला!