मनूची टाच आणि चिक्की

परवा माझी भाची मनू ठाण्याहून आली, येताना चिक्कीचा डबा घेऊन. डबा उघडला, गूळ-शेंगदाण्याचा वास आला आणि मला ती जुनी सहल आठवली.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगची सहल वॉटर पार्कला गेलेली. वहिनीने सहा वर्षांच्या मनूला माझ्या भरवशावर पाठवलेलं. घसरगुंडीच्या रांगेत अनवाणी उभी असताना तिच्या टाचेत खिळा घुसला. तिथल्या माणसाने लाल औषध लावलं आणि म्हणाला, "गंजलेला होता. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या घरी गेल्यावर."

धनुर्वातात दातखीळ बसते, एवढंच मला माहीत होतं. ती तासा-दोन तासांत बसत नाही, हे कोण सांगणार? परतीच्या बसमध्ये मनू माझ्या मांडीवर होती. तिच्या ओल्या केसांना क्लोरीनचा वास येत होता. दर दहा मिनिटांनी मी म्हणायचे, "मनू, आ कर." तिला शंका येऊ नये म्हणून दर वेळी चिक्कीचा तुकडा भरवायचे.

"आत्या, आता बास."

"एकच गं. मोठ्ठा आ कर."

डोंबिवलीत उतरल्या उतरल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घेतलं, तेव्हा कुठे मी उरलेली चिक्की पिशवीत टाकली.

"त्या सहलीत तू माझे केवढे लाड केलेस," परवा मनू म्हणाली. "पाय दुखल्याचं आठवतही नाही. चिक्की तेवढी आठवते."

तिने तुकडा तोंडाजवळ नेला. पस्तिशी ओलांडलेली बाई ती. तरी तोंड नीट उघडतंय ना, हे मी बघितलंच.