सेन्योरा टेकडी चढते

लुदिविनाला पुढचं दिसायचं. कुंडलीबिंडली नव्हे, समुद्र एक दिवस गावात शिरणार, एवढंच. सामार बेटावरच्या त्या कोळ्यांच्या गावात एकोणीस वर्षं ती संस्था चालवत होती. संस्था म्हणजे ती स्वतः, एक भोंगा आणि देणगीत आलेल्या तीनशे शिट्ट्या. भोंगा वाजला की टेकडीवरच्या शाळेत पळायचं, याची ती तालीम घ्यायची. पहिल्या तालमीला दोन माणसं आली, त्यातलं एक वाट चुकलेलं. मग तिने युक्ती काढली: तालमीला डुक्कर भाजायचं. पुढच्या खेपेला अख्खं गाव ताटं घेऊन धापा टाकत वर! देणगीदारांना तिने आनंदाने कळवलं, ‘लोकसहभाग उत्तम.’

तिथेच माशी शिंकली. भोंगा म्हणजे जेवण, हे गावाच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या ऑक्टोबरात खरंच मोठं वादळ निघालं. सकाळी लुदीने भोंगा वाजवला, पण कुणी हललं नाही. गावातला सगळ्यात खवचट म्हातारा क्रिसान्तो जाळं विणता विणता ओरडला, "लुदी, धूर कुठाय? वास नाही, काही नाही, कसली गं तालीम?"

"मानो क्रिसान्तो, तालीम नाही, खरं वादळ येतंय!"

"म्हणजे आज जेवण नाही?"

"अहो, जीव वाचेल!"

"उपाशीपोटी? नको बाई."

लुदीला रडू फुटायचंच बाकी होतं. ही माणसं घरात बसून बुडणार होती. रागारागाने ती परसात गेली, आपल्या लाडक्या डुकरिणीच्या, सेन्योराच्या, गळ्यात दोर अडकवला आणि भर रस्त्याने तिला टेकडीकडे ओढत निघाली. सेन्योराने असा काही गळा काढला की भोंगा लाजावा. दारं उघडली, ताटं खणखणली. तासाभरात दोनशे बारा माणसं शाळेत हजर. शेवटी आला क्रिसान्तो. तो भाजलेल्या मांसाबरोबर लागणाऱ्या सिरक्याची बाटली शोधत बसला होता.

दुपारी समुद्र आला. खाली एक छप्पर उरलं नाही. वर माणूस अन् माणूस जिवंत. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला, कुणी रडलं, कुणी लुदीच्या गळ्यात पडलं, आणि मग हळूहळू सगळे सेन्योराकडे बघू लागले. लुदीने डोळे पुसले. कोरडा कोळसा तिने शाळेत कधीचाच भरून ठेवला होता.

वाढायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, ताट सगळ्यांकडे होतं, एका लुदीकडे सोडून. पुढचं दिसणारी बाई! गाव पोट धरून हसलं.

क्रिसान्तोने शर्टाखालून दुसरं ताट काढलं. "घे. एकोणीस वर्षं बघतोय, स्वतःचं ताट कधी आणलं नाहीस. म्हटलं, आजही विसरशील."