अर्ध्या मिनिटाची नर्स

काल टीव्हीवर जुना चित्रपट लागला होता. नायक इस्पितळात, नायिका उशाशी रडत होती. एक नर्स आली आणि नाडी बघण्याआधी तिनं आपले तळवे चोळून गरम केले. एवढीच तिची भूमिका, संवाद एकही नाही. आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली माझी मावशी चटकन म्हणाली, "पाहिलंस? गार हात लागला की पेशंट दचकतो. हिला कुणी शिकवलं असेल?"

कुणीच नसेल. कधीतरी आजाऱ्याजवळ बसून त्या नटीनंच हे टिपलं असेल, आणि कॅमेरा नायिकेवर असतानाही मनापासून केलं.

चित्रपटाच्या शेवटी मावशी चष्मा लावून, तिचं नाव शोधत कलाकारांची नामावली वाचू लागली, पण नावं भराभर सरकून गेली.

"राहू दे," ती म्हणाली. "आमची नावं तरी पेशंटना कुठे ठाऊक असायची? 'सिस्टर' अशी हाक आली की आम्ही जायचो."